शेवटच्याला सर्वांत मोठा कप

पनवेलच्या बाजारात आमच्या दुकानावर 'कप' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कुणीतरी येऊन सहा कप आणि सहा बशा मागतं. मी त्यांना समोरच्या भांडीवाल्याकडे पाठवते. आमचे कप जिंकायचे असतात. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा" म्हटलं तेव्हा मी त्यांना हेच सांगितलं, की कप जिंकणारे कुणी वेगळेच, विकणारीला कसले अनुभव? ते म्हणाले, तेच लिहा.

हे दुकान माझ्या सासऱ्यांचं. त्यांची नजर अधू झाली आणि कपावरच्या पट्टीवर नाव कोरायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या यजमानांना या धंद्यात गोडी नव्हती, ते नोकरीत सुखी होते. मी बत्तीस वर्षं गल्ल्यावर बसले, पण गिऱ्हाईक आत येऊन पहिल्यांदा विचारणार, "मालक कुठे आहेत?" मी सांगायचे, जेवायला गेलेत. मग अर्ध्या तासाने तोच माणूस माझ्याकडूनच कप घेऊन जायचा.

बाहेरच्या माणसाला या धंद्यातली एक गोष्ट ठाऊक नसते. कप जेवढा उंच, तेवढा आतून पोकळ. तीन-चार फुटांचा कप म्हणजे एका लांब बोल्टमध्ये ओवलेले पत्र्याचे तुकडे. तो खालून उचलायचा असतो. हे मी प्रत्येकाला बजावते आणि प्रत्येक जण स्टेजवर तो कानांना धरूनच उचलतो. मग वरचा भाग पाहुण्यांच्या हातात राहतो आणि बैठक पाहुण्यांच्या अंगठ्यावर पडते. दुसऱ्या दिवशी आयोजक भांडायला येतात. पाहुणे मात्र कधी येत नाहीत, त्यांना चालता येत नसतं.

चुका माझ्याही झाल्या. एकदा कबड्डीच्या सामन्यांची आणि एका जोडप्याच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची ऑर्डर एकाच दिवशी गेली आणि खोकी बदलली. सामन्यातल्या दणकट गड्याला 'सुखी संसाराची पंचवीस वर्षे' मिळाली. तिकडे हॉलमध्ये सगळ्या नातेवाइकांसमोर त्या बाईंच्या हातात 'उत्कृष्ट पकड' आली. मी धावत बदलून द्यायला गेले तर बाई म्हणाल्या, राहू दे, हेच बरोबर आहे. त्यांच्या यजमानांनी खाली बघून गळ्यातला हार नीट केला.

रघुनाथची आणि माझी ओळखही अशाच चुकीतून झाली. एका कारखान्याच्या क्रीडामहोत्सवाची यादी आली होती. अक्षर असं, की कोंबडीने पाय शाईत बुडवून लिहिलेलं. त्यात एका ओळीत 'चालणे' की असंच काहीतरी होतं आणि पुढे 'प्रथम'. आता चालण्यात कुणी पहिला येतो का? मी आपल्या बुद्धीने दुरुस्त करून कोरलं : 'चालचलन – प्रथम क्रमांक'.

दोन दिवसांनी एक काटकुळा, काळासावळा माणूस तो कप घेऊन दुकानात आला. गल्ल्यावर कप ठेवून शांतपणे म्हणाला, "वयनी, माझी चाल चांगली हाय. चालचलनाचा घरी विचारायला लागंल."

हा रघुनाथ. मूळचा उरणकडच्या मिठागराच्या गावातला, तळोज्याला एका कारखान्यात फिटर, राहायला खांदा कॉलनीत. मी म्हटलं, अहो, चालण्याची कुठे शर्यत असते का? मग त्याने मला तिथेच धडा दिला. चालण्याच्या शर्यतीत दोनच नियम. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा, दोन्ही सुटले तर ते धावणं झालं. आणि पुढे टाकलेला पाय जमिनीला लागला की अंग त्याच्यावरून पुढे जाईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. पंच रस्त्याच्या कडेला पिवळ्या गोल पाट्या घेऊन उभे असतात. चूक दिसली की पाटी दाखवून ताकीद. तरीही सुधारला नाही तर लाल कार्ड, आणि तीन पंचांची तीन लाल कार्डं झाली की बाहेर. मला पटेना, तेव्हा तो बाहेर जाऊन बाजारातून एक चक्कर मारून आला.

ती चाल ज्यांनी पाहिली नाही त्यांना कशी सांगू? पाय ताठ, कोपरं वल्ह्यासारखी, आणि कंबर अशी हलते की जणू सदऱ्यात मागून कुणीतरी बर्फाचा खडा टाकलाय. आणि वेग असा, की रिक्षावाला हॉर्न वाजवत त्याच्या मागे राहिला. भाजीवाल्या पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. पुढे कित्येक महिने दुकानात आलेल्यांना मी त्याची नक्कल करून दाखवत असे. एकदा नेमका तो दारात उभा होता. पाहून म्हणाला, "वयनी, गुडघा वाकतोय तुमचा." आणि मला नीट शिकवायला लागला. त्याला राग कसा येत नाही याचाच मला राग यायचा.

पंधरा-सोळा वर्षं तो चालला. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय. कंबर हलवत तो कुठे कुठे जाऊन आला. घरी त्याची बायको सुगंधा. ती उरणजवळच्या मोरा बंदरातली, कोळ्यांच्या घरातली, मोजकं बोलणारी आणि बोलली की समोरच्याचं तोंड बंद करणारी. तिला लग्नाआधी नवरा खेळाडू आहे एवढंच सांगितलं होतं. खेळ कोणता ते तिने सरावाच्या वेळी प्रत्यक्ष पाहिलं आणि आठ दिवस माहेरी जाऊन राहिली, असं रघुनाथच मला सांगायचा.

मग एका शर्यतीत त्याला पिवळी पाटी दिसली. गुडघा वाकल्याची. तो दुकानात येऊन गुडघा चोळत बसला. एवढ्या वर्षांत पाय सुटल्याची ताकीद मिळाली होती, पण गुडघ्याची कधीच नाही. पंचाची नजर चुकली असेल असं मी म्हटलं. तो म्हणाला, नाही, वाकला होता, पण मी वाकवला नव्हता. त्याच सुमाराला त्याच्या उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायला लागली.

पनवेलचे डॉक्टर झाले, मग मुंबई. निदान व्हायला बरेच महिने गेले. नसा हळूहळू स्नायूंना हुकूम द्यायचं बंद करतात, असा तो आजार. आधी पाय, मग हात, मग बोलणं, गिळणं. औषध नाही. मुंबईला एका संस्थेत एक डॉक्टरबाई याच आजारावर संशोधन करत होत्या. रघुनाथने त्यांना सरळ विचारलं, औषध का नाही? त्यांनीही सरळ सांगितलं, की रोगी थोडे, पैसा त्याहून थोडा, आणि काम अतिशय हळू चालतं.

'हळू चालतं' हे शब्द त्याच्या डोक्यात बसले. तेव्हा तो व्हीलचेअरवर आला होता. सुगंधा त्याला ढकलत माझ्या दुकानात घेऊन आली. त्याने ठरवलं होतं की पनवेलच्या तलावाभोवती चालण्याची शर्यत घ्यायची, पाच फेऱ्यांची, कुणीही यावं, आणि नावनोंदणीचा पैसा सगळा त्या संशोधनाला द्यायचा. नियम खरे, पाट्या खऱ्या. पहिल्या तिघांना साधी पदकं. आणि सगळ्यांत मोठा, साडेतीन फुटी कप शेवटी येईल त्याला.

मी धंद्यातल्या अनुभवाने सांगितलं की असं कुणी करत नाही. तो म्हणाला, "पयला येतो त्याला लवकर घरी जायाला मिलतं. शेवटचा चालतच रातो, वयनी. कोन थांबतं त्याच्यासाठी?"

मी कप जोडायला घेतला. पैसे घेणार नाही म्हटलं, तर म्हणाला, मग तुम्ही पंच व्हा. अशा रीतीने साठीच्या घरात आलेली मी, साडीवर बूट घालून, चालण्याच्या शर्यतीची पंच झाले. पाट्या मी दुकानातच केल्या, उरलेल्या पिवळ्या ॲक्रिलिकच्या. एका बाजूला नागमोडी रेघ, म्हणजे पाय सुटला. दुसऱ्या बाजूला कोन, म्हणजे गुडघा वाकला.

रविवारी सकाळी तलावावर एवढी माणसं आली की मला वाटलं दुसराच काही कार्यक्रम आहे. रघुनाथच्या गावची मंडळी, कॉलनीतली मंडळी, व्यापारी, नर्सबाया, आणि मुंबईहून रघुनाथचे शर्यतीतले जुने सोबती पंच म्हणून. डॉक्टरबाईही आल्या. रघुनाथ खुर्चीत, छातीवर स्पर्धकाच्या नंबरचा कागद लावून, कारण त्याने स्वतःचं नावही नोंदवलं होतं. पोलिसांची परवानगी दहापर्यंत होती. दहाला रस्ता मोकळा झाला नाही तर पुढच्या वर्षी परवानगी मागायला येऊ नका, असं हवालदारसाहेबांनी दोनदा सांगितलं.

शिट्टी वाजली आणि निम्मं पनवेल कंबर हलवत निघालं. मी आयुष्यात इतकी माणसं एकाच वेळी इतकी विचित्र चालताना पाहिली नव्हती. मी पाट्या दाखवत सुटले. एका आजींना गुडघ्याची पाटी दाखवली तर त्या थांबून म्हणाल्या, हा सरळ होत असता तर मी मालिश कशाला करून घेते? एक बाई पाटीला नमस्कार करून पुढे गेल्या.

खरे चालके भराभर संपवून मोकळे झाले. त्यांना पदकं दिली आणि मुंबईचे पंच मिसळ खायला गेले. मग बाकीचे आले. नऊ वाजता रस्त्यावर दहा-बारा जण उरले होते आणि माझ्या लक्षात आलं की त्यांचा वेग कमी होतोय. दमल्यामुळे नव्हे. ते एकमेकांकडे बघत होते. प्रत्येकाची नजर टेबलावरच्या कपावर होती.

साडेनऊला दोघंच राहिले. एक हसनभाई, वीस वर्षं कुवेतला काढून आलेले, आता बाजारात खजूर आणि अत्तराचं दुकान. त्यांच्या शोकेसमध्ये सगळं होतं, फक्त कप नव्हता. दुसरे करंदीकर सर, निवृत्त गणिताचे मास्तर. जन्मभर त्यांनी बक्षीस समारंभात मुलांची नावं वाचली, स्वतःचं नाव कुणी वाचलं नव्हतं. दोघे चालत चालत शेवटच्या रेषेपासून तीन पावलांवर आले आणि तिथे उभे राहिले.

मी जाऊन म्हटलं, चला. हसनभाई म्हणाले, "वहिनी, सरांना पहले जाऊ द्या. ते बुजुर्ग आहेत." सर म्हणाले की वयाचा मुद्दा इथे गैरलागू आहे. मी पाटी वर केली. सरांनी विचारलं, कोणत्या नियमाखाली? एक पाय जमिनीवर हवा असा नियम आहे. माझे दोन्ही आहेत. गुडघेही सरळ आहेत. मी नियमांचा कागद काढून वाचला. ते बरोबर होतं. उभं राहू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. जगातल्या कुठल्याच पंचाला कधी त्याची गरज पडली नसावी.

हसनभाईंनी चहा मागवला, सरांनाही पाजला. सरांच्या पत्नी रक्तदाबाची गोळी घेऊन आल्या, त्यांनी ती उभ्या उभ्याच गिळली. गर्दीचे दोन तट पडले. हवालदारसाहेब घड्याळ बघत येरझारा घालत होते. मी मुंबईच्या पंचांना फोन लावला, तर त्यांनी दुसरी प्लेट मागवली होती.

आणि रघुनाथ हसत होता. कितीतरी महिन्यांनी मी त्याला असं हसताना पाहत होते. हसता हसता त्याला ठसका लागला आणि ठसका थांबेना. चेहरा काळानिळा पडला. डॉक्टरबाई धावल्या, त्यांनी त्याला पुढे वाकवून धरलं. श्वास जागेवर आला तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, आता घरी न्या. त्याने नकारार्थी मान हलवली. शेवटचा आल्याशिवाय शर्यत संपत नाही म्हणाला.

सुगंधा सकाळपासून खुर्चीमागे उभी होती. तिने खुर्चीचा ब्रेक काढला, खुर्ची वळवली, आणि गर्दीतून वाट काढत ती थेट त्या दोघांच्या पाठीमागे नेऊन उभी केली.

"ह्यांच्या छातीवर नंबर हाय," ती म्हणाली. "हे पन शर्यतीत हायेत. आता शेवटी कोन हाय ते बगा, आनि तुमी दोगं व्हा पुडं."

सरांनी मागे वळून पाहिलं. थोडा विचार केला. "तर्काला धरून आहे," म्हणाले आणि रेषा ओलांडून गेले. त्यांच्या पाठोपाठ हसनभाई. रघुनाथच्या पाच फेऱ्यांचा हिशेब मी मागितला नाही.

मला वाटलं, सुटलो. पण रघुनाथ म्हणाला, चाकांवर जाणं म्हणजे चालणं नव्हे, एक पाय जमिनीवर हवा. मग ते दोघे परत आले. एका बगलेत हसनभाई, दुसऱ्या बगलेत सर. सुगंधाने खाली बसून त्याच्या पायांतल्या सपाता काढल्या आणि पावलं रस्त्यावर टेकवली. तीन पावलं. त्यातलं एकही धड पाऊल म्हणता येणार नाही. पाय घासत येत होते. मी पाटी पदराआड धरली होती.

रेषेच्या अलीकडे तो थांबला. "वयनी," म्हणाला, "गुडघा वाकला हाय. दिसत नाय का तुमाला? पाटी दाखवा."

मी हात वर केला आणि पाटी दाखवली. त्याने पंचाला देतात तशी मान तुकवून पोच दिली आणि रेषा ओलांडली. टाळ्या जरा उशिरानेच वाजल्या. दहा वाजून सात मिनिटं झाली होती. हवालदारसाहेब म्हणाले की त्यांचं घड्याळ पुढे आहे.

कपाच्या पट्टीवर नाव कोरायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी यंत्रापुढे बसले आणि माझा हात अडला. त्याच्या नावापुढे 'शेवटचा' हा शब्द मला लिहवेना. मी फोन करून म्हटलं, 'विशेष पारितोषिक' लिहू का? तो म्हणाला, नाही, जे झालं तेच लिहा. मी लिहिलं. त्या पट्टीत एकही चूक नाही.

कप त्याच्या घरात मावेना. बाल्कनीत ठेवला तर कबुतरं बसायला लागली. शेवटी त्याने निकाल दिला की सहा महिने हसनभाईंकडे आणि सहा महिने सरांकडे. हसनभाई त्यात खजूर भरून ठेवतात, सर छत्र्या. दर सहा महिन्यांनी अदलाबदलीच्या दिवशी दोघे कप घेऊन माझ्याकडे येतात, माझ्याच दुकानात त्यावरचे डाग एकमेकांना दाखवून भांडतात आणि मी पॉलिश करून देते.

दुसऱ्या वर्षीच्या शर्यतीला रघुनाथ आला तेव्हा त्याचं बोलणं गेलं होतं. तो अक्षरांच्या तक्त्यावर नजर फिरवून बोलायचा आणि सुगंधा वाचून सांगायची. सरांनी नवा नियम लिहून आणला होता, की पाणी प्यायला लागेल त्याहून जास्त वेळ उभा राहणारा बाद. रघुनाथने तो मंजूर केला. तिसऱ्या वर्षी तो नव्हता. शर्यत झाली, आणि त्यानंतर दर वर्षी होते. मी अजून पंच आहे. बूट आता तिसरे आहेत.

मला रुखरुख एकाच गोष्टीची वाटते. बाजारातून तो चालत जायचा तेव्हा माझ्यासकट सगळे हसायचे, आणि एकानेही कधी त्याला विचारलं नाही, की हे एवढं तू कशासाठी चालतोस? आता उत्तर कुणाकडे मागू?

मागच्या हिवाळ्यात डॉक्टरबाईंचा सुगंधाला फोन आला, की तुमच्या लोकांच्या पैशातून काय काम चाललंय ते बघायला या. सुगंधा म्हणाली, वयनी आली तर येते. ती तेव्हा माहेरी होती, म्हणून मी मोऱ्याला गेले आणि तिथून आम्ही दोघी लाँचने मुंबईला निघालो. तिने डॉक्टरबाईंसाठी सुकटीची चटणी घेतली होती. बरणीचं झाकण नीट लागलेलं नव्हतं, त्यामुळे लाँचवर आमच्या आसपास भरपूर जागा होती.

प्रयोगशाळेच्या दारात सुगंधाने चपला काढल्या. तिला पांढरा डगला घालायला दिला, तो तिने लुगड्यावरून घातला आणि केस नीट केले. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. रघुनाथने जाण्याआधी हाताच्या कातडीचा एक इवलासा तुकडा संशोधनाला दिला होता. त्यातल्या पेशींपासून त्यांनी तिथे त्याच्याच नसांच्या पेशी वाढवल्या आहेत. त्यांच्यावर एकेक औषध घालून बघतात. अजून लागू पडलेलं नाही, हेही त्यांनी सांगितलं. त्या पहिल्यापासून सरळ बोलतात.

मग सुगंधा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. मी मागे उभी होते. ती किती वेळ हललीच नाही. शेवटी तिने डोळा न काढताच विचारलं, हे जितं हाय का?

हो, जिवंत आहे, त्या म्हणाल्या. किती दिवस राहील, तिने विचारलं. आम्ही खाऊ घालू तोवर. एक दिवसाआड त्यांना खाणं द्यावं लागतं.

सुगंधाने मान वर केली. पदराने सूक्ष्मदर्शकाची काच पुसली.

"वेलेवर घालत जा," ती म्हणाली. "भूक लागली का लय चिडतात ते."

डॉक्टरबाई हो म्हणाल्या.